‘पुरे’ म्हणता येणे : काशीत शिकलेला एक हिशेब





काशीतील मणिकर्णिका घाटावर आपण कधी गेला असाल, तर लाकडाचा तराजू पाहिला असेल. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे उंच ढीग, मध्ये एक मोठा काटा आणि त्यावर चितेचे लाकूड तोललेले. कोणते लाकूड, किती मण, काय भाव, हे ठरते आणि माणसाच्या नावावरचा शेवटचा खर्च मांडला जातो. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. जमा-खर्च, ताळेबंद, घसारा हे माझे रोजचे शब्द. तरीही त्या काट्यासमोर उभी असताना वाटले की इतका सरळ हिशेब मी पुस्तकात कधी पाहिला नाही. त्या तराजूत फक्त लाकूड तोलले जाते. माणसाने किती मिळवले, त्याला किती लोक ओळखत होते, याला तिथे वजन नाही.

मागच्या कार्तिकात सेवेसाठी आलेल्या साधकांच्या एका गटाबरोबर मी काशीला गेले होते. जाताना मनात एक ओझे होते. आधी तेच आपल्याला सांगते, कारण या लेखाचा विषय संपत्ती आणि प्रसिद्धीचे धोके हा आहे, आणि माझ्यासारख्या मुलीने अशा विषयावर बोलावे असे माझ्याकडे काय आहे, हा प्रश्न आपल्याला पडू शकतो. संपत्ती माझ्याकडे नाही. प्रसिद्धीही नाही. पण तिचा एक थेंब चाखला होता.

मी लेखांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. एकदा एक अनुवाद खूप जणांना आवडला. व्हॉट्सअॅपच्या गटांतून तो फिरला, दूरच्या गावांतून निरोप आले. त्या आठवड्यात मी किती वेळा फोन उघडून ‘किती जणांनी पाहिले’ हे मोजले, याचा हिशेब ठेवला असता तर लाज वाटली असती. पुढे मी नकळत असेच लेख निवडू लागले जे जास्त फिरतील. सकाळचे ध्यान पाच-पाच मिनिटांनी आखडत गेले. आणि एक दिवस केंद्रातील एका वयस्कर काकांचा फोन आला. “बेटा, तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य उलट्या अर्थाचं झालंय, बघशील का?” मी बघितले नाही. मी वाद घातला. शब्द कसा बरोबर आहे हे दहा मिनिटे समजावले. काका शांतपणे “बरं बेटा” म्हणाले. रात्री मूळ लेख उघडला, तर काका बरोबर होते.

चूक होणे साहजिक होते. पण चूक दाखवणाऱ्याचा राग आला, हे साहजिक नव्हते. पूर्वी मला तसा राग येत नसे. मग एका आठवड्याच्या कौतुकाने माझ्याकडून काय काढून घेतले होते? हा प्रश्न घेऊन मी काशीला गेले.

चौखंबा : ‘आणखी’ची किंमत

काशीच्या चौखंबा भागात एक जुनी हवेली आहे. आधुनिक हिंदी साहित्याचे जनक मानले जाणारे भारतेंदु हरिश्चंद्र यांचे ते घर. १८५० मध्ये त्यांचा जन्म काशीत झाला. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांना सेठ अमीचंद यांचे वंशज म्हटले जाते. अमीचंदांची गोष्ट आपण शाळेत प्लासीच्या लढाईच्या धड्यात ओझरती वाचलेली असेल. ती थोडी सविस्तर पाहू.

अमीचंद हे कोलकात्याचे अतिशय धनाढ्य व्यापारी. १७५७ मध्ये बंगालच्या नवाबाविरुद्ध इंग्रजांचा कट शिजत होता आणि अमीचंदांना त्याची सारी माहिती होती. त्यांच्याकडे काही कमी नव्हते. तरीही त्यांनी कटातील आपला वाटा मागितला, तो लाखांच्या घरातला, आणि न मिळाल्यास गुपित फोडू असे सुचवले. तेव्हा रॉबर्ट क्लाइव्हने दोन करारपत्रे तयार करवली. एक पांढऱ्या कागदावर, खरे. दुसरे तांबड्या कागदावर, खोटे. अमीचंदांचा वाटा फक्त तांबड्या कागदावर लिहिला होता. अॅडमिरल वॉटसनने त्या खोट्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्याची सहीदेखील बनावट केली गेली. २३ जून १७५७ ला प्लासीची लढाई झाली. नंतर हिशेबाच्या बैठकीत अमीचंदांना सांगण्यात आले की तांबडा कागद ही केवळ फसवणूक होती, तुम्हाला काहीही मिळणार नाही. त्या धक्क्याने त्यांची बुद्धी भ्रमली, असे त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या इंग्रज लेखकांनी नोंदवले आहे.

आता दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाकडे पाहा. क्लाइव्हला प्लासीनंतर मीर जाफरकडून २ लाख ३४ हजार पौंड मिळाले. पुढे जहागीर मिळाली, ‘लॉर्ड’ ही पदवी मिळाली. इंग्लंडमध्ये त्याचे नाव घराघरांत पोहोचले. आणि त्याच संपत्तीवरून पुढे पार्लमेंटमध्ये त्याची चौकशी झाली. कालपर्यंत ज्यांनी त्याचा जयजयकार केला, तेच लोक त्याच्या पैशांचा उगम विचारू लागले. १७७३ मध्ये तो त्या चौकशीतून सुटला. २२ नोव्हेंबर १७७४ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले, असे मानले जाते.

म्हणजे ज्याला फसवले तो उद्ध्वस्त झाला, आणि ज्याने फसवले त्यालाही ती संपत्ती सुखाने जगू देऊ शकली नाही. एक व्यवहार, दोन पक्ष, आणि फायदा कोणाच्याच पदरात नाही. वाणिज्य शाखेत असा व्यवहार आम्हाला शिकवत नाहीत.

आपण म्हणाल, ही अडीचशे वर्षांपूर्वीची कथा, राजे-नवाबांची. आपल्याशी तिचा काय संबंध? माझ्या वर्गातल्या मुलांकडे पाहते तेव्हा मला संबंध दिसतो. मधल्या सुट्टीत बाकावर बसून फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणारी मुले मी पाहिली आहेत. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि तो सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपयांचा होता. यातले बरेच जण पहिल्या फायद्याला थांबू शकले असते. पण तांबडा कागद खरा वाटतो तो आपल्याला तो खरा असायला हवा असतो म्हणून. ‘आणखी’ हा शब्द मनात बसला की डोळ्यांसमोरचा कागद नीट वाचता येत नाही.

टाकून दिले म्हणजे सुटले का?

काही साधकांना वाटेल, मग पैसा टाकूनच द्यावा. भारतेंदूंनी जवळजवळ तसेच केले. बालपणीच आई-वडील गेले आणि मोठी संपत्ती हाती आली. या धनाने माझ्या पूर्वजांना खाल्ले, आता मी त्यालाच खाऊन टाकणार, अशा अर्थाचे ते बोलत असत, असे सांगतात. आणि त्यांनी खरोखर दोन्ही हातांनी खर्च केले. नियतकालिके काढली, मुलांसाठी शाळा सुरू केली, कवींना आणि पंडितांना दिले, याचकाला रिकाम्या हाताने पाठवले नाही. १८८० मध्ये काशीच्या विद्वानांनी त्यांना ‘भारतेंदु’ ही पदवी दिली. पण भोवती मागणाऱ्यांची आणि वाहवा करणाऱ्यांची गर्दीही वाढली, कर्ज वाढले, शरीर खचले. ६ जानेवारी १८८५ रोजी, अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या ऋणात सारी हिंदी भाषा आहे, त्यांच्या दानाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. उलट, त्यांना हा धोका आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होता. १८८१ मध्ये त्यांनी ‘अंधेर नगरी’ हे नाटक लिहिले. एक महंत दोन शिष्यांसह एका नगरात येतो. तिथे भाजी आणि मिठाई एकाच भावाने विकली जाते. जिथे चांगल्या-वाईटाची पारख नाही तिथे राहू नये, असे गुरू सांगतो. एक शिष्य स्वस्त मिठाईच्या लोभाने मागे राहतो, खाऊन लठ्ठ होतो, आणि एक दिवस फाशीचा दोर त्याच्या जाड गळ्याला नेमका बसतो म्हणून त्यालाच पकडून नेतात. गुरू धावत येतो आणि युक्ती करतो. या घटकेला जो मरेल तो थेट स्वर्गात जाईल, असे म्हणतो. तेव्हा स्वर्गाच्या लोभाने राजा स्वतःच फाशी चढतो.

लक्षात घ्या, शिष्याने कोणाचे काही चोरलेले नव्हते. तो फक्त ‘पुरे’ म्हणू शकला नाही. आणि राजाचा लोभ तर स्वर्गाचा होता! साधकांनी इथे जरा थांबून विचार करावा. लोभाची वस्तू पवित्र असली म्हणजे लोभ पवित्र होत नाही. सेवेतून मिळणारे नावही याला अपवाद नाही. माझ्या अनुवादाचे तेच झाले होते.

आणि भारतेंदूंच्या आयुष्यातून मी जपून एवढेच घेते की संपत्ती हातातून सोडणे आणि संपत्तीतून मनाने सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडतानाही लोक पाहत असतात, टाळ्या वाजवत असतात. पैसा जातो आणि त्याच्या जागी कौतुक येऊन बसते. मग ‘पुरे’ कोण म्हणणार, आणि कसे?

अहिल्याबाईंचे उत्तर

चौखंब्याहून गल्लीगल्लीतून काशी विश्वनाथाचे मंदिर फार दूर नाही. आजचे मंदिर १७८० मध्ये पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी बांधले, हे मराठी माणसाला सांगायला नको. गंगेवर त्यांच्या नावाचा घाटही आहे. पण त्या पायऱ्यांवर बसून मी मंदिराचा विचार करत नव्हते. मी एका पोथीचा विचार करत होते.

सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरील ग्रंथात ही हकिगत नोंदवली आहे. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंची स्तुती करणारा ग्रंथ रचून त्यांच्यापुढे वाचला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग, आपण एक दुबळी, पापी स्त्री आहोत, एवढ्या स्तुतीला पात्र नाही, अशा अर्थाचे बोलून ती पोथी नर्मदेत टाकण्याची आज्ञा दिली, आणि त्या लेखकाची पुढे दखलही घेतली नाही.

मी पूर्वी ही गोष्ट नम्रतेची म्हणून वाचली होती. आता मला ती सावधपणाची वाटते. आठवून पाहा, त्यांच्यावर काय काय गुदरले होते. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. मागे राहिला होळकरांचा भरलेला खजिना, आणि त्यावर नजर ठेवून असलेली माणसे. एवढ्या दुःखात एकट्या पडलेल्या व्यक्तीला गोड शब्द किती हवेसे वाटले असतील! नेमक्या तेव्हाच स्तुती सर्वांत धोकादायक असते, कारण ती औषधासारखी लागते. आणि राज्यकर्त्याला स्तुतीची सवय लागली की खरे सांगणारी माणसे एकेक करून दरबारातून उठून जातात. रयतेची तक्रार मग वर पोहोचत नाही. अहिल्याबाईंनी ते दार पहिल्याच दिवशी बंद केले.

पैशाबाबतही त्यांनी एक रेघ आखलेली होती. राज्याचा महसूल वेगळा आणि ‘खासगी’चे उत्पन्न वेगळे. देशभरातील मंदिरे, घाट, अन्नछत्रे यांवर त्यांनी खर्च केला तो मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून. हिशेबाची विद्यार्थिनी म्हणून मला याचे फार मोल वाटते. खजिना ताब्यात असणे आणि खजिना आपला असणे यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. विश्वस्त माणूस रक्कम सांभाळतो, वापरतो, हिशेब देतो. पण रात्री झोपताना ती रक्कम उशाखाली घेत नाही. ‘माझे’ म्हटले की ‘आणखी’ येते. ‘सोपवलेले’ म्हटले की ‘पुरे’ म्हणणे सोपे होते.

गंगा तिकडे नेता येईल का?

कीर्ती मिळूनही ‘पुरे’ म्हणता येते का, याचे एक उदाहरण आपल्या आठवणीतल्या काळातलेही आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ. १९१६ मध्ये बिहारमधील डुमराँव येथे जन्म, आणि लहानपणीच मामांकडे काशीत वास्तव्य. मामा विश्वनाथ मंदिराचे शहनाईवादक होते. गंगेकाठच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ तासन्‌तास रियाज करत. २६ जानेवारी १९५० ला, देश प्रजासत्ताक झाला तेव्हा, लाल किल्ल्यावर त्यांची शहनाई वाजली. २००१ मध्ये भारतरत्न मिळाले. ते अखेरपर्यंत काशीच्या सराय हडहातील जुन्या घरात राहिले, सायकल रिक्षाने फिरले. अमेरिकेत येऊन राहा, तुमच्यासाठी बनारससारखे वातावरण तिथे उभे करू, अशी विनंती त्यांना झाली तेव्हा, माझी गंगा तिकडे कुठून आणाल, असा प्रश्न त्यांनी केला. काशीत ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात.

मात्र त्यांचे चित्र रंगवताना आपण प्रामाणिक असू या. मोठ्या कुटुंबाचा भार त्यांच्यावर होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांना पैशांची ओढाताण सोसावी लागली, हे वर्तमानपत्रांतून तेव्हा देशाने वाचले होते. म्हणून गरिबी म्हणजेच पुण्य, असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी बहुतेक जण संसारी आहेत. घराचा हप्ता, मुलांची फी, आई-वडिलांची औषधे यांना पैसा लागतो आणि तो सचोटीने मिळवणे हाही धर्मच आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांकडून शिकायचे ते इतकेच की आपले जगणे कशावर उभे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. गंगा, रियाज, आपली माणसे. ते सोडून जे मिळेल ते कितीही मोठे असले तरी घाट्याचे, हा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवलेला होता. २१ ऑगस्ट २००६ रोजी ते गेले. काशीच्याच फातमान कब्रस्तानात, एका कडुनिंबाखाली, शहनाईसह त्यांचे दफन झाले.

आपल्या घरी काय करता येईल?

संपत्ती आणि प्रसिद्धी आपली किंमत एकदम मागत नाहीत, हप्त्याने मागतात. पहिला हप्ता असतो शांत झोपेचा. मग एकाग्रतेचा. मग खरे बोलणाऱ्या माणसाचा. शेवटचा हप्ता भरेपर्यंत आपण कर्जात आहोत हेच कळत नाही. म्हणून रकमा लहान असतानाच हिशेब पाहावा. परतल्यावर मी तीन गोष्टी सुरू केल्या. मोठ्या नाहीत. आपणही करून पाहा.

पहिली : ‘पुरे’चा आकडा आधी लिहा. महिन्याला घर नीट चालायला किती लागते, हे शांत मनाने, उत्पन्न वाढण्याच्या आधी लिहून ठेवा. वाढल्यानंतर लिहायला बसलो की आकडाही वाढतो. त्यावर जे येईल, त्यातला एक भाग ‘सोपवलेले’ या नावाने वेगळा ठेवा आणि तो कोणासाठी आहे हे ठरवा.

दुसरी : एक माणूस असा जपा जो आपल्याला “हे चुकलं” असे म्हणू शकतो. त्याचा फोन आला की आधी ऐका, मग तपासा, आणि शेवटी बोला.

तिसरी : आठवड्यातून एक सेवा अशी करा जी कोणालाही कळणार नाही. तिचा फोटो नाही, उल्लेख नाही. करून झाल्यावर मनात जी चुळबूळ होते, ‘निदान एकाला तरी सांगू दे’, ती फक्त पाहत राहा. तीच आपली खरी परीक्षा आहे.

काशीहून परतताना, ज्ञानगंगा एक्स्प्रेसमध्ये बसल्या-बसल्या मी काकांना फोन केला. म्हटले, “काका, तुम्ही बरोबर होतात. मी तेव्हा वाद घातला, माफ करा.” काका हसले. म्हणाले, “अगं, मी विसरलोही होतो. दुरुस्त केलंस ना? मग झालं तर.” मी दुरुस्त केले नव्हते. इतके दिवस ते उलटे वाक्य तसेच लोकांपर्यंत जात होते, कारण दुरुस्ती कळवली असती तर माझी चूक सर्वांना दिसली असती. त्या रात्री गाडीतच दुरुस्ती लिहून पाठवली, चूक माझी होती या ओळीसह.

त्या ओळीला कोणी दाद दिली नाही. पण बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.

प्रिय साधकांनो, आज निजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि स्वतःला विचारा : मला सध्या काय ‘आणखी’ हवे आहे? आणि त्यासाठी मी कोणता हप्ता भरू लागलो आहे?

उत्तर कोणालाही सांगू नका. फक्त प्रामाणिकपणे द्या.

सर्वांचे मंगल होवो.